वाऱ्याची बाजू

जानेवारी 2023 मधल्या एका शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स तलावाच्या गोठलेल्या पाठीवर एका अनोळखी वृद्ध माणसाने आपली जागा बदलली. घडले ते एवढेच. मी आणि माझी नऊ वर्षांची लेक उपड्या बादल्यांवर बसलो होतो. पायांपुढे ऑगरने, म्हणजे बर्फाच्या मोठ्या गिरमिटाने, पाडलेली दोन भोके होती आणि दर चार-पाच मिनिटांनी त्यांवर धरणारी बर्फाची साय मी झाऱ्याने काढून टाकत होतो. तापमान उणे 18 होते आणि वायव्येकडून वारा येत होता. अधूनमधून झुळका देणारा हा वारा नव्हता. तो एका जोराने, एका उंचीवर, न थकता वाहत होता. आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर त्या माणसाचा निळा, उन्हाने विटलेला तंबू होता. घसरगाडीवर बसवलेला, मागून डोक्यावर ओढून घ्यायचा, डाव्या बाजूला काळ्या चिकटपट्टीचे ठिगळ असलेला. त्याने तंबूचे कापड वर केले, माझ्याकडे नव्हे तर मुलीकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “तिला आत बसू द्या. एक जागा आहे.” मी हात हलवून नको म्हटले. आम्ही ठीक आहोत, असेही म्हटले. संकोच होता, अनोळखी माणसाकडे मुलीला एकटे बसवण्याची धास्ती होती, आणि आपल्या पोराला आपण थंडीत आणले आहे तर ते आपणच निभावले पाहिजे असा एक ताठरपणाही होता.

दहा मिनिटांनी त्याने तंबू मागे पाडला. बाहेर बर्फावर टाकलेले दोन पर्च मासे उचलून बादलीत ठेवले, दोर खांद्यावर घेतला आणि घसरगाडी ओढत आमच्या दिशेने आला. आमच्या वायव्येला, सात-आठ फुटांवर तो थांबला, नवी भोके पाडली, वाऱ्याकडे पाठ करून बसला आणि तंबू पुन्हा डोक्यावरून पुढे घेतला. आमच्याशी एक शब्द बोलला नाही. थोड्या वेळाने लेक म्हणाली, “बाबा, वारा थांबला.” मी आभाळाकडे पाहिले आणि बरे झाले असे म्हणालो.

त्याला मी साधे धन्यवादही म्हटले नाहीत.

घरी पोहोचेपर्यंत रात्र झाली. लेकीच्या दोन बोटांची टोके पांढरी पडली होती; पत्नीने काही न बोलता कोमट पाण्याचे भांडे पुढे केले, आणि बोटांत रक्त परत येताना मुलगी ज्या आवाजात रडली तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला कळले की वारा थांबला नव्हता. तो आमच्यापर्यंत पोहोचत नव्हता, कारण मध्ये एक माणूस येऊन बसला होता. आणि कळल्यावर झोप गेली ती दुसऱ्या एका गोष्टीने. मी राजापूरकडच्या एका गावात वाढलो आहे. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला बाप्ये रात्री कंदील घेऊन वहाळावर जात, आणि ज्याला मासा लागतो आहे तो माणूस आपल्या जागेवरून इंचभरही हलत नाही, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. भाऊ हाक मारत असला तरी नाही. या माणसाला मासे लागत होते. दोन पर्च मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

तेव्हा आपला असा एखादा निवारा घ्यायचा, हे त्या रात्रीच ठरले. कोणता घ्यायचा, हे ठरायला मात्र पुढचे नऊ महिने गेले, आणि त्या नऊ महिन्यांत मी या एका वस्तूचा जेवढा विचार केला तेवढा आमच्या राहत्या घराचाही केला नव्हता. तलावाकडे पाहिले म्हणजे हे विचित्र वाटत नाही. मिल लॅक्स सुमारे 1,32,000 एकरांचा आहे, जवळपास बृहन्मुंबईएवढा. खोली मात्र जेमतेम, जास्तीत जास्त 42 फूट. गोठल्यावर या एवढ्या पसाऱ्यात झाड नाही, भिंत नाही, उंचवटा नाही. पलीकडच्या काठावरून निघालेल्या वाऱ्याला तुमच्यापर्यंत येताना अडवणारी पहिली वस्तू म्हणजे तुम्हीच. नुसती थंडी अंगातल्या कपड्यांनी भागते. आपल्या अंगाभोवती आपल्याच उबेचा एक पातळ थर साचतो आणि स्वस्थ हवेत तो टिकतो. वारा तो थर क्षणोक्षणी हिसकावून नेतो. म्हणून इथे निवारा म्हणजे आधी वाऱ्याचा बंदोबस्त आणि मग ऊब. छप्पर सगळ्यांत शेवटी येते.

बर्फावर वाहून नेता येतील असे निवारे मुख्यतः दोन जातींचे. एक हब, म्हणजे पिशवीत छत्रीसारखा मिटलेला येणारा आणि चारी भिंती बाहेर ओढल्या की खोलीसारखा उभा राहणारा. दुसरा फ्लिप-ओव्हर, म्हणजे त्या माणसाचा होता तसला: खाली घसरगाडी, तिच्यात बसायची जागा, आणि मागच्या कडेला बिजागरीवर फिरणारी नळ्यांची चौकट. मासे नाहीत असे वाटले की चौकट मागे पाडायची, पन्नास पावले पुढे जायचे, भोक पाडायचे, चौकट पुढे घ्यायची. मिनिटभरात माणूस पुन्हा आडोशाला. मी या दुसऱ्या जातीची चित्रे पाहत असे तेव्हा मला दर वेळी एकच वस्तू आठवे. आमच्या आजीचे इरले.

इरले ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच पटेल. बांबूच्या पट्ट्यांचा विणलेला सांगाडा, त्यावर दाट बसवलेली पाने, आकार उपड्या होडीसारखा. डोक्यावरून पाठीवर घ्यायचे आणि वाकून तरवा लावायचा. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी, आणि माणूस जिथे सरकेल तिथे छप्पर त्याच्याबरोबर सरकते. लावणीच्या दिवसांत आमच्या खाचरात सात-आठ इरली ओळीने मागे मागे सरकताना दिसत, आणि लांबून पाहणाऱ्याला माणसे दिसतच नसत. पावसाची मोठी सर आली की आजी बांधावर येऊन उकिडवी बसे आणि आम्ही नातवंडे समोरून तिच्या इरल्यात शिरत असू. आत ओल्या पानांचा, चिखलाचा आणि तिच्या नऊवारीला लागलेल्या चुलीच्या धुराचा वास एकत्र कोंडलेला असे. दोन पोरे मावत. तिसऱ्याची पाठ भिजे. आजी अशा वेळी थोडी तिरकी होऊन बसे, म्हणजे तिचा एक खांदा बाहेर राही आणि तिसरा आत येई. पावसाची बाजू नेहमी तिची. हे सारे मला इतक्या वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, तंबूंची चित्रे पाहताना आठवावे, आणि आठवताना त्या निळ्या कापडाचे काळे ठिगळ डोळ्यांपुढे यावे, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

असला फ्लिप-ओव्हर निवारा इथे रुजवला तो मिनेसोटाच्याच डेव्ह गेन्झ यांनी, 1980 च्या आसपास. त्यापूर्वी बहुतेक लोक लाकडी खोपटी तलावावर ओढून नेत आणि हिवाळाभर एकाच जागी बसत; मासा आला तर आला. गेन्झ यांचे म्हणणे असे की मासा फिरतो, तर माणसानेही फिरले पाहिजे, आणि फिरायचे तर छप्पर पाठीवर पाहिजे. पण प्रश्न त्यांच्या कितीतरी आधीचा आहे. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे; त्यांच्या भाषेत या तलावाचे नाव मिसि-झागाइगन, म्हणजे मोठा तलाव. ओजिब्वे लोक बर्फाला भोक पाडून त्यावर काड्यांचा लहान सांगाडा उभा करत, त्यावर घोंगडी टाकत आणि स्वतः पोटावर पालथे पडून डोके त्या अंधारात घालत. एका हातात लाकडी माशाचे आमिष, दुसऱ्या हातात भाला. वर अंधार असला की भोकातून खालचे पाणी उजळ दिसते. छप्पर फक्त डोक्यापुरते, बाकीचे अंग उघड्यावर. इथे मासे धरण्याचा त्यांचा हक्क अमेरिकी सरकारशी झालेल्या 1837 च्या करारातला, आणि तो अबाधित आहे हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले 1999 मध्ये. आम्ही रिसॉर्टवाल्याला वाट वापरण्याचे पैसे देऊन ज्या बर्फावर जातो त्याचे मूळ रहिवासी कोण, हे मला या निवाऱ्याच्या निमित्ताने वाचताना नीट समजले, आणि इतकी वर्षे इथे राहून ते समजले नव्हते याचे वाईट वाटले.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे दुकानात गेलो. शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचे मोठे दुकान, आणि त्याच्या मागच्या भागात दहा-बारा निवारे ओळीने उभे केलेले. लेकीने येताना आपले बर्फातले जाड हातमोजे खिशात घालून आणले होते. कशाला, म्हणून विचारले तर म्हणाली, चेन यांनीच उघडायची आहे ना. तिचे म्हणणे इतके बरोबर होते की त्या दिवशीची निम्मी निवड तिच्या हातमोज्यांनी केली. तीन निवाऱ्यांच्या चेनचे टोक मोज्याच्या बोटांत सापडतच नव्हते. ज्यांना दोरीचा लांब फास लावलेला होता ते ती आतून-बाहेरून, डोळे मिटून उघडू शकत होती. ओल लागली की चेन गोठते, आणि गोठलेल्या चेनशी झगडायला मोजे काढावे लागले तर निवाऱ्याचा उपयोग काय? एका हबला दोन दारे होती. एक वाऱ्याच्या बाजूला आले तर दुसरे राहील, असे तिचे तिनेच ताडले. दार बाहेरूनही उघडता यावे असा इथला नियम आहे, हे मी तिला सांगितले, आणि मग तिने मला आत कोंडून तेही करून पाहिले.

विक्रेता वयाने तिशीतला, सौम्य बोलणारा मुलगा होता. त्याने कापडाबद्दल सांगायला सुरुवात केली आणि तीनशे डेनियर, सहाशे डेनियर असे शब्द काढले, तेव्हा मला अनपेक्षितपणे घरच्यासारखे वाटले. इचलकरंजीला मामाच्या मागांच्या कारखान्यात हा शब्द रोज कानावर पडे: नऊ हजार मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. मी कापड चिमटीत धरून चोळले, उजेडाकडे धरले, कोपऱ्यातली शिवण उलटून पाहिली, मामा पाही तशी. कोपऱ्यांतच काठीचा ताण येतो, म्हणून कापड आधी तिथे जाते. एकेरी कापडाचा निवारा हलका आणि स्वस्त; थर्मल म्हणजे दोन कापडांत पातळ भरण घालून गोधडीसारखा शिवलेला, तो जड आणि महाग. पण एकेरी कापडाखाली हीटर लावला की श्वासाची आणि गॅसची वाफ छताला धरते आणि गार थेंब मानेवर पडत राहतात. गोधडीत ते फार कमी होते. जड असला तरी थर्मलच घ्यायचा, यावर माझा निर्णय तिथल्या तिथे झाला. गोधडीला नाही म्हणणे मला जमले नसते.

मग त्या मुलाने विचारले, “किती जण असाल?” आणि मी उत्तर द्यायच्या आत त्याने दुसरा प्रश्न जोडला, “एका जागी बसणार की हिंडणार?”

याच प्रश्नापाशी मी नऊ महिने अडलेला होतो. मन ओढ घेत होते फ्लिप-ओव्हरकडे. इरल्याची आठवण होतीच. शिवाय त्या माणसाने जे केले ते फक्त त्या जातीच्या निवाऱ्यानेच करता येते, हेही मला कळून चुकले होते. हब उचलून कोणाच्या वाऱ्याच्या बाजूला नेऊन ठेवता येत नाही. चार कोपऱ्यांचे स्क्रू बर्फातून काढा, दोर सोडा, भिंती मिटा, तोवर ते पोर गारठून जाईल. पण दोन जणांचा चांगला फ्लिप-ओव्हर सगळे सामान धरून पन्नास किलोच्या आसपास जातो. आमची गाडी लहान, बर्फावर चालणारी स्नोमोबाइल नाही. म्हणजे तो काठापासून मीच ओढणार. आणि त्यात दोघेच बसणार. पाटीवर दोन जण लिहिलेले असेल तर दोनच, तिसऱ्याची पाठ भिजणार. हबच्या पाटीवर चार लिहिलेले असते, तेही खुर्चीला खुर्ची लावून. हीटर, बादली, डबा, ओले बूट आणि मधली भोके धरली की नीट बसतात तिघे. मी लेकीसमोर मोजू लागलो. मी, ती, एखाद्या रविवारी तिची आई. आणि एक जागा.

कोणासाठी, ते तिने विचारले नाही. तिला माहीत होते.

गावच्या घराला पडवी होती. पावसात वाटेने जाणारा कोणीही, ओळखीचा असो नसो, तिथे टेकायचा. घोंगडी खुंटीला अडकवायचा, पान खायचा, सर ओसरली की निघायचा. त्याला या म्हणावे लागत नसे, कारण पडवीला दारच नव्हते. आजीकडे इरलेही होते आणि पडवीही होती, आणि दोन्हींची कामे वेगळी होती हे तिला कोणी सांगावे लागले नव्हते. मला मात्र दोहोंतले एकच घ्यायचे होते, आणि मी पडवी घेतली. सहा फूट बाय सहा फुटांचा, काळ्या छताचा, दोन दारांचा थर्मल हब. वजन पंधरा-सोळा किलो, साध्या प्लॅस्टिकच्या घसरगाडीवर दोर बांधून मी सहज ओढू शकेन असा. पैसे देताना मला आपण बरोबर केले असे वाटत होते आणि काहीतरी हातचे गेले असेही वाटत होते. या दोन्ही भावना अजून तशाच आहेत.

आणि मग तलावावर बर्फच नीट धरला नाही. 2023-24 चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार हिवाळा ठरला. डिसेंबरच्या अखेरीस उत्तरेकडच्या अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभरहून अधिक माणसे त्यावर अडकली. सगळी सुखरूप बाहेर आली, पण त्या बातमीने माझा जीव गारठला. पायी जायचे तर निदान चार इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा, पांढरा भुसभुशीत असेल तर त्याच्या दुप्पट, हे इथे शाळेतली मुलेही सांगतात, पण भेग कुठून जाईल ते इंचांनी सांगता येत नाही. मी त्या वर्षी मुलीला घेऊन तलावावर गेलो नाही. निवारा आम्ही मागच्या अंगणात उभा केला. हबची रीत आम्ही तिथे शिकलो: वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे आधी बांधायचे, मग भिंतीच्या मधल्या गाठीचा पट्टा धरून पाठीमागे झुकायचे, म्हणजे गाठीतून कोपऱ्यांकडे गेलेल्या चार काड्या वाकून उलटतात आणि भिंत टप्प आवाज करून बाहेर येते. चार भिंती झाल्या की आत शिरून छत डोक्याने आणि हातांनी वर ढकलायचे. लेक हे काम इतके करू लागली की शेवटी शेवटी तिला दोन मिनिटेही लागत नसत. तिने त्यात बसून अभ्यास केला, पुस्तके वाचली, एकदा रुसून तासभर बसली.

अंगणातच मला भीती वाटली ती एका संध्याकाळी. गॅसचा लहान हीटर आत लावला होता, ऊब चांगली जमली होती, आणि ऊब टिकावी म्हणून मी छताजवळचा झरोका बंद केला होता. खालची झालर आम्ही बर्फाने दाबलेली होती. थोड्या वेळाने लेक म्हणाली की डोके जड झाले आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो; आधी डोके दुखते, मग गुंगी येते, आणि गुंगी आल्यावर दार उघडावे हे सुचत नाही. मी दोन्ही दारे एकदम उघडली आणि तिला बाहेर घेऊन उभा राहिलो. कदाचित ते अभ्यासाने दुखत असेल, कदाचित भुकेने. दुसऱ्या दिवशी मी गॅसचा धोका ओळखून वाजणारे यंत्र आणले आणि ते आतल्या काठीला बांधले, आणि एक झरोका वर, एक खाली उघडा ठेवल्याशिवाय हीटर पेटवायचा नाही हे दाराच्या आतल्या बाजूला तिच्याकडून मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून घेतले. वाऱ्यापासून वाचण्यासाठी घेतलेल्या निवाऱ्याला वाऱ्याची थोडी वाट ठेवावीच लागते. ही गोष्ट दुकानात कोणी सांगितली नव्हती, आणि माझ्या मते ती डेनियरच्या आधी सांगायला हवी.

जानेवारी 2025 मध्ये निवारा प्रथम तलावावर उभा राहिला. सकाळी आठची वेळ, उणे 22, आणि वारा पुन्हा वायव्येचाच. बर्फ सोळा इंच. ऑगरचे पाते पाण्याला लागले तेव्हा भोकातून राखाडी पाणी उसळून बुटांवर आले. स्क्रू बर्फात पिळताना करकरत होते. छत वर गेले, दार लागले, आणि एकाएकी आम्ही एका काळ्या पेटीत बसलो होतो जिच्या जमिनीत दोन दिवे लावलेले होते. हे मी आधी वाचले होते, तरी पाहिल्यावर बोलता येईना. आत अंधार, आणि बाहेरच्या बर्फावर पडलेला उजेड सोळा इंचांतून झिरपून पाण्यात उतरलेला. भोके हिरवी, काचेसारखी, आतून पेटल्यासारखी दिसत होती. लेक पोटावर पालथी झाली, हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरून भोकात पाहू लागली, आणि मला ते काड्यांचे सांगाडे आणि घोंगड्या आठवल्या. तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास असते, कारण त्या तापमानाला ते सर्वांत जड होऊन खाली बसते. वर सगळे गोठत असताना खाली मासा जगतो तो त्यामुळे. मधूनच तलाव बोलत होता. थंडीने बर्फ आवळतो, ताणतो, आणि मैलभर लांबून एक घुमणारा, लांबत जाणारा आवाज आपल्या पायांखालून पलीकडे निघून जातो. पहिल्यांदा तिने माझा हात धरला. नंतर ती त्या आवाजाची वाट पाहू लागली.

त्या हिवाळ्यात आम्ही सहा वेळा गेलो, आणि दर वेळी मासे धरण्याआधी मी रांगेतले तंबू पाहत हिंडलो. निळे कितीतरी होते. गॅरिसनच्या बाजूला, महामार्ग 169 लागूनच जातो त्या पट्ट्यात, एकदा तर एका ओळीत पाच निळे. ठिगळ कोणालाच नव्हते. तो माणूस नवा तंबू घेऊन बसला असेल तर आपण त्याला ओळखणार नाही, हे मला मग लक्षात आले. चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता, टोपी आणि पांढऱ्या भुवया सोडून. तो वयस्क होता, आणि मध्ये दोन वर्षे गेली होती. लेकीला मी हे बोललो नाही. चौथी खुर्ची आम्ही दर वेळी नेत होतो, आणि तिच्यावर दर वेळी डबा ठेवत होतो.

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी ते ठिगळ तिलाच दिसले. पट्टी आता दोन्ही बाजूंनी सुटून फडफडत होती. आम्ही दोघे चालत गेलो आणि तंबूपासून चार पावलांवर उभे राहिलो, कारण बसलेल्या माणसाच्या भोकांजवळ पाय वाजवू नयेत एवढे आता आम्हाला कळत होते. त्याने कापड वर केले. मी जे दोन वर्षे मनात घोळवले होते ते सांगितले: जानेवारी, शनिवार, ही मुलगी तेव्हा लहान होती, आम्ही बादल्यांवर बसलो होतो, तुम्ही आमच्यासाठी जागा बदललीत, मी त्या वेळी आभार मानले नाहीत. त्याने मुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. थोडा विचार केला. म्हणाला, “तिकडे मासे लागत नव्हते.”

लेक काही बोलली नाही. तिने वर माझ्याकडे पाहिले, आणि मीही काही बोललो नाही. दोन पर्च तिनेही पाहिले होते; परत येताना गाडीत तिने त्यांचे चित्र काढले होते.

मी त्यांना आमच्याकडे चहाला बोलावले. नको म्हणतील असे मला वाटले, आणि नको म्हणायला त्यांनी हात उचललाही होता, पण लेक मध्येच म्हणाली, “एक जागा आहे.” तेव्हा ते आले, गुडघ्यावर हात ठेवून, हळू. आत शिरल्यावर त्यांनी टोपी काढली, वरचा झरोका पाहिला, मी तो वाऱ्यामुळे अर्धाच उघडा ठेवला होता तो बोटाने पूर्ण उघडला, आणि दारावरची मराठी अक्षरे पाहून हे काय लिहिले आहे म्हणून विचारले. लेकीने वाचून दाखवले आणि अर्थ सांगितला. त्यांनी मान हलवली. मी डबा उचलून खुर्ची हीटरजवळ सरकवली होती आणि थर्मासमधला आल्याचा चहा ओतत होतो. त्यांनी ती खुर्ची एका हाताने उचलली, वायव्येच्या भिंतीशी नेली आणि आमच्याकडे तोंड करून बसले. वाऱ्याने ती भिंत सकाळपासून आत फुगत होती. ती त्यांच्या पाठीला टेकली आणि तिथे थांबली.